स्थलांतरितांचा रकाना

पडद्यावर दोन रेषा होत्या. वरची लाल, चढत चाललेली. जिल्ह्याचे आकड्यांचे साहेब तिच्यावर लेझरचा ठिपका फिरवत म्हणाले, "हे स्थलांतरित मजूर. सलग तिसरं वर्ष वर. आणि ही खालची निळी, सर्वसाधारण लोकसंख्या. जवळजवळ सपाट. म्हणजे लक्ष कुठे द्यायचं ते स्पष्ट आहे."

निळी रेष खरंच सपाट होती. ती बघून कुणालाही वाटावं की आमच्या तालुक्यात लग्नाच्या बाईला गुप्तरोग होतच नाही, फार तर सर्दी होते. आम्ही पंधरावीस जण, ठिकठिकाणचे समुपदेशक आणि लॅबवाले, चहाचे कागदी कप हातात धरून माना हलवत होतो. मीही हलवली. आणि हलवता हलवता मला स्वतःचाच असा राग आला की कप भरलेलाच डब्यात टाकला. ती रेष सपाट कशी राहिली ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या दवाखान्यापुरती ती मीच सपाट ठेवली होती, बारा वर्षं, बॉलपेनने.

मी मुळशीतल्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्ही आणि गुप्तरोगांची समुपदेशक आहे. खोलीवर तशी पाटी आहे, त्यामुळे आमच्या दाराशी कुणी रेंगाळत नाही. बायका आधी डोळ्यांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसतात, आणि कुणी बघत नाही असं दिसलं की झटकन आत शिरतात. मग मी विचारायचं, समजवायचं, रक्त तपासायला पाठवायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर एक रकाना आहे, धोका गट. त्यात चौकटी आहेत: देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, ट्रकचालक, स्थलांतरित आणि शेवटी सर्वसाधारण. एका माणसाला एकच चौकट. महिनाअखेर हे फॉर्म वर जातात. वर कुणीतरी प्रत्येक गटात किती तपासले, किती निघाले, मागच्या वर्षी किती होते ते बघतं, रेष काढतं, ती पुढे ओढतं आणि म्हणतं, रोग इकडे चाललाय.

गणित चुकीचं नाही. मी गणिताला शिव्या देत नाही. पण जिथे सुई टोचाल तिथलंच रक्त दिसणार, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. बांधकामावरच्या बायकांना ठेकेदार रांगेने शिबिराला उभं करतो. गावातल्या बाईला कोण उभं करणार? तिला पांढरं जात असेल, अंगावर चट्टे असतील, तर ती पुण्याला खासगीत जाते, रोख देते, आणि तिचा कागद कुठल्याच रेषेत येत नाही. चुकून आमच्याकडे आली आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला, तर मी 'सर्वसाधारण'वर खूण केली रे केली की वरून फोन यायचा: "मॅडम, स्रोत काय? सर्वसाधारणमध्ये कसा आला? खुलासा पाठवा." 'स्थलांतरित'वर खूण केली की फोन येत नाही. मी नवी होते तेव्हा आमच्या लॅबमधल्या जुन्या माणसाने मला हेच शिकवलं होतं. "स्थलांतरित लिहीत जा, ताई, आन् सुखानं जेवा." मी शिकले. सुखानं जेवले.

आणि ज्यांच्यामुळे हा रोग घराघरांत येतो त्यांच्यासाठी तर चौकटच नाही. जमीन विकून गाडी घेतलेला, दुपारी लॉजवर आणि संध्याकाळी देवळाच्या कमिटीत दिसणारा जो बाप्या आहे, तो कुठल्या गटात? घरमालक असा गट नाही. सगळे तसे असतात असं मी म्हणत नाही. पण जे आहेत ते या फॉर्मवर कुठेच सापडणार नाहीत, आणि हे फॉर्म छापणाऱ्यांना कधी सुचलंही नाही.

मी या भागातल्या बायकांना जरा जास्तच ओळखते. आम्ही मणेर. पौडच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आजोबांपासून. लग्नाचा चुडा भरायला मोठ्या घरांतून अजूनही बोलावणं येतं. अब्बांचे गुडघे गेल्यापासून रविवारी मीच जाते. त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या सुनांचे हात माझ्या हातात येऊन गेलेत. चेहरा विसरेन, हात विसरत नाही. नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, ओळखीची बाई म्हणून बायका माझ्याशी मोकळ्या बोलतील. झालं उलटंच. ओळखीची आहे म्हणूनच बोलत नाहीत.

त्या बैठकीनंतर आठवड्याभरातच एक जण आली. पुण्याकडे स्कूटीवर पोरी बांधतात तसा स्कार्फ पूर्ण तोंडाला, वर गॉगल, हातात उन्हाचे लांब मोजे. खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि आधार कार्डाची झेरॉक्स पुढे सरकवली. पत्ता उत्तरेकडचा, बुंदेलखंडातल्या कुठल्याशा गावचा. झेरॉक्सवर मागे पेनाने लिहिलेला इथला पत्ता, आमच्याच तालुक्यातल्या चांदे गावाच्या पुढच्या एका खेड्यातला. मग ती बोलली. "मेरेको ना, हाथ पे डाग आयेला है. खाजता नहीं, दुखता भी नहीं. पर जाताच नहीं."

हे बुंदेलखंडाचं हिंदी असेल तर मी लखनौची नवाब. हे आमच्या मुळशीचं हिंदी होतं, गावातल्या बाया भाजीवाल्या भय्याशी बोलतात ते. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी म्हटलं, मोजे काढा. तिने काढले. दोन्ही तळव्यांवर तांबूस ठिपके, शिळ्या मेंदीसारखे. असे ठिपके दिसले की आमच्या धंद्यात पहिला संशय सिफिलिसचा, ज्याला जुनी माणसं गरमी म्हणतात. बघायला म्हणून मी तिचा डावा हात हातात घेतला आणि तो ओळखला. दोन-चारच्या मापाचं मनगट. अंगठ्याच्या मुळाशी हाड जरा वर आलेलं. चार वर्षांपूर्वी चुडा भरताना याच हाडावर माझ्या हातून दोन हिरव्या बांगड्या वाढल्या होत्या आणि तिची होणारी सासू माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी घर जाळलं.

म्हणजे ही त्या पत्त्यावरच्या घराची सून होती. घर पुढे, आणि मागे पत्र्याच्या दहा खोल्या भाडेकरूंच्या. भाडेकरू ठेवला की पोलीस चौकीत त्याच्या आधारची झेरॉक्स द्यावी लागते, एक प्रत घरमालकाच्या फायलीत राहते. त्या फायलीतूनच तिने एका भाडेकरणीचा कागद उचलला होता. एवढं डोकं तिला लढवावं लागलं, कारण स्वतःच्या नावाने येऊन हात दाखवण्याची सोय तिला आम्ही ठेवलीच नव्हती.

मी ओळखलं हे तिला कळलं असणार. हात काढून घेतला नाही तिने, पण बोटं आखडली. मी एवढंच म्हणायचं होतं, "बाई गं, मला माहीत आहे तू कोण. इथलं बाहेर जात नाही. खरं नाव सांग." बारा वर्षं दुसऱ्यांना हेच तर शिकवते मी. पण नाही म्हटलं. मनात म्हटलं, लाजते आहे, लाजू दे, रक्त तर देते आहे ना. झेरॉक्सवरचं नाव फॉर्मवर उतरवलं, आणि धोका गटाच्या रकान्यात, आठ दिवसांपूर्वी ज्याच्यामुळे मी स्वतःवर चिडले होते त्याच रकान्यात, 'स्थलांतरित'वर खूण केली. हात सवयीनेच गेला. हे आठवलं की आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सिफिलिस. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होणारा आजार, वेळेवर घेतलं तर. पण नवऱ्यालाही घ्यावं लागतं, नाहीतर आज बरी झालेली बाई महिन्याभरात परत तिथेच. आणि मध्ये दिवस राहिले तर पोटातल्या जिवालाही होतो. ती रिपोर्ट घ्यायला आली नाही. दिलेला नंबर लागेना.

आता इथे मी जे केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

रिपोर्ट घ्यायला न आलेल्यांची यादी दर सोमवारी आमच्या फिरतीवरच्या बाईकडे जाते. ती पत्त्यावर जाऊन निरोप देते. ती कुणाला काही सांगत नाही, तोंडाची पक्की आहे. पण गावोगाव तिला ओळखतात. तिची निळी पिशवी अंगणात आली की न बोलताच बोभाटा होतो. ही पिशवी भाडेकरणीच्या दारात गेली तर काय होईल, हे मला माहीत होतं. तरी मी ते नाव यादीत ठेवलं. मनात हिशोब असा की फिरतीची बाई मागच्या खोल्यांकडे जाईल, पुढच्या घरातून सून बघेल, समजेल आणि गुपचूप माझ्याकडे येईल. एका बाईपर्यंत निरोप पोचवायला मी दुसऱ्या बाईचा दरवाजा वापरला. तिचं काय होईल हा विचार मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. भाडेकरीण तर होती ती. रकान्यातली.

सोमवारी पिशवी गेली. बुधवारी सकाळी ती भाडेकरीण माझ्यासमोर उभी. एका आयटी कंपनीत झाडूपोछा करायची, तिथला निळा शर्ट साडीवर तसाच. नवरा महाळुंग्याच्या टॉवरमध्ये फरशी बसवायचा. ती बसली नाही.

"दीदी, मैं आपके पास कब आई थी?"

मी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं.

"मालिक बोला, कमरा खाली करो. मेरे आदमी को सबके सामने बोला, तेरी औरत को गंदी बीमारी है, सरकारी बाई घर तक आई. मैं तो यहाँ आई ही नहीं. आप बोलो, आई थी?"

"नहीं," मी म्हटलं. "तुम नहीं आई थीं."

"तो मेरा नाम किसने लिखा?"

"मैंने."

 ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिचं रक्त घेतलं, लॅबमधल्या मुलीला उभ्या उभ्या करायला लावलं. स्वच्छ निघालं. असणारच होतं. तिला म्हटलं, हा रिपोर्ट नवऱ्याला दाखव. ती म्हणाली, आदल्या तारखेचाही एक रिपोर्ट याच नावाचा आहे असं तो म्हणेल, कुठला खरा? फार हुशार बाई. आमच्या सगळ्या खात्याहून हुशार. तिला हवा होता एक कागद, शिक्का मारलेला: त्या दिवशी आलेली बाई ही नव्हती. नवरा तिला गावी पाठवायला निघाला होता, रेल्वेचं तिकीट बघत होता. तिकडे गेली की संपलं, तिकडून तो परत आणणार नाही, असं तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झालेली.

"कल तक दे दूँगी," मी म्हटलं.

पहिला रिपोर्ट रद्द केल्याशिवाय तसा कागद देता येत नव्हता, आणि रद्द करायला जिल्ह्याची परवानगी लागत होती. मी आकड्यांच्या साहेबांना फोन लावला. माणूस सभ्य आहे, आवाज कधी चढवत नाही.

"मॅडम, तिमाही बंद झाली. आकडा वर गेला."

"आकडा चुकीचा आहे, साहेब. दुसऱ्याच बाईचं रक्त आहे ते."

"म्हणजे रक्त पॉझिटिव्ह आहेच ना? एकूणात फरक पडत नाही. गट तोच ना?"

"गट तोच नाही!"

"मग गट कोणता? ती कोण होती, सांगा. म्हणजे बदल नोंदवता येईल."

ते मी सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर माझ्यात आणि निळ्या पिशवीत फरक काय राहिला असता? साहेब म्हणाले, लेखी अर्ज करा, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने, बघतो. मी अर्ज केला. वैद्यकीय अधिकारी प्रशिक्षणाला गेले होते. गुरुवारी आले नाहीत. मी वाट बघितली. मी! अंगणात जाऊन दोन वाक्यं बोलायला मला कुणाची सही हवी होती? भीती वाटत होती, दुसरं काही नाही. कंत्राटी नोकरी, दर वर्षी मार्चमध्ये नूतनीकरण. शुक्रवारी संध्याकाळी सही झाली, परवानगी मात्र आली नाही. शेवटी मीच दवाखान्याच्या कागदावर लिहिलं: अमुक तारखेला तपासणीसाठी आलेली व्यक्ती ही नसून नाव नोंदवण्यात माझी चूक झाली. खाली माझी सही, माझा शिक्का. तो आधीही होताच की माझ्या ड्रॉवरमध्ये.

शनिवारी मी त्या घरी गेले. अंगणात खुर्ची टाकून सासरा बसला होता. सगळा गाव त्याला आप्पा म्हणतो, मीही म्हणते.

"या, या, मणेराची लेक! आज बांगड्या न्हाईत व्हय? आगं, चा टाक गं!" आत हाक गेली.

"आप्पा, चहा नको. तुमच्या भाडेकरणीचं सांगायला आले. ती आमच्याकडे आलीच नव्हती. तिला काही झालेलं नाही. नाव मी चुकीचं लिहिलं. चूक माझी आहे."

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पर सरकारी बाई तर आलती."

"माझ्यामुळे आली."

"मंग ते रगत कुनाचं व्हतं?"

"ते मला सांगता येत नाही."

चहा घेऊन सून दारात आली होती. डोक्यावर पदर, हातात ट्रे, तळवे ट्रेखाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनेही माझ्याकडे बघितलं नाही.

आप्पांनी मागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे बघून विचार केला. फार वेळ लागला नाही. "मंग ती कोपऱ्यातल्या खोलीतली असंल. मला वाटलंच हुतं. लईच फिदीफिदी हासत असती. तिला बी काढतो बघा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. असा माणूस नाही बघितला मी! दहा खोल्या, दहा बायका, एक नाही तर दुसरी. पुढच्या घराकडे त्याची मान वळतच नव्हती. चार पावलांवर होतं घर. मला ओरडून सांगावंसं वाटलं. जिभेच्या टोकावर आलेलं मी कसं गिळलं ते मलाच माहीत. शेवटी म्हटलं, "आप्पा, कोपऱ्यातल्या बाईचं नाव घेतलंत तर मी सरळ पोलिसात तक्रार देईन. आणि परत तुमच्या घरात चुडा भरायला पाय ठेवणार नाही."

पोलिसाचं त्यांना काही वाटलं नाही. चुड्याचं लागलं. धाकट्या पोरीचं लग्न ठरलं होतं. "आगं, असं काय बोलतीस? आमी काय कुनाचे वैरी हाय का?" असं म्हणत ते उठून आत गेले.

मी मागे गेले. भाडेकरणीच्या खोलीचं दार उघडं होतं. नवरा एकटाच, पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होता. ती गुरुवारीच गेली होती. त्याने तिला पुणे स्टेशनवर बसवून दिलं होतं, तिच्या भावाच्या हवाली करायला चुलतभाऊ सोबत दिला होता. मी कागद दिला. तो मराठीत, म्हणून मीच त्याला हिंदीत वाचून दाखवला, दोनदा. तिच्या रक्ताचा रिपोर्टही दाखवला. त्याने कागद नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. वाईट माणूस नव्हता. डोळे लाल होते त्याचे.

"समझ गया, मैडम," तो म्हणाला. मग पेटीकडे वळत, "लेकिन गाँव में तो मैंने बोल दिया."

मी त्याला विचारलं, तू स्वतः तपासून घेतलंस का, तिच्यावर बोट ठेवायच्या आधी? त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्यावर ओरडून मला काय मिळणार होतं, तरी मी ओरडले. तो ऐकून घेत राहिला आणि भांडी भरत राहिला.

सोमवारी सून आली. स्कार्फ नाही, गॉगल नाही, मोजे नाहीत. डोळ्यांच्या बाकावर न बसता सरळ माझ्या दारातून आत. स्वतःचं आधार कार्ड टेबलावर ठेवलं, झेरॉक्स नव्हे, कार्ड.

"ताई, मला म्हाईत न्हवतं असं हुईल. तिचा कागुद वरच हुता फायलीत. दुसरं काय बी न्हवतं मनात." ती रडत होती, आणि मला तिचीही चीड येत होती आणि कीवही, दोन्ही एकदम. मी म्हटलं, घरात सांगितलंस का? तिने मान हलवली, नाही. "सांगितलं तर मला म्हायेरी धाडत्याल. तिला धाडलं तसंच." हे खरं होतं. त्या घरात पहिला आरोप तिच्यावरच आला असता, हे मला चार वर्षांपूर्वी दोन बांगड्यांवरूनच कळलं होतं.

इंजेक्शन दिलं. नवरा हवा, म्हटलं, त्याच्याशिवाय उपयोग नाही. तो आला चौथ्या दिवशी, हातात गाडीची किल्ली फिरवत. कसा आला ते तिने मला नंतर सांगितलं. त्याला एवढंच म्हणाली होती, "तुमी न्हाई आला तर म्या आप्पांना हात दावते." त्याने इंजेक्शन घेतलं, मला उद्देशून एक शब्द बोलला नाही, जाताना मात्र लॅबच्या मुलीला विचारलं, हे बाहेर तर जात नाही ना? मी आतून ऐकलं. त्याचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून एक बाई स्टेशनवर बसवली गेली होती, आणि त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नसेल.

त्या महिन्यात मी तिच्या फॉर्मवर 'सर्वसाधारण'वर खूण केली. अपेक्षेप्रमाणे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सर्वसाधारण गटात सिफिलिस? स्रोत काय?"

"नवरा."

"नाही, म्हणजे… जोखीम कसली आहे?"

"लग्न."

"मॅडम, असं लिहिता येत नाही. तसा पर्याय नाही फॉर्मवर."

"पर्याय नाही म्हणूनच तुमची रेष सपाट आहे, साहेब," मी म्हटलं, आणि पुढे बरंच बोलले, जे इथे लिहिण्यासारखं नाही. साहेब शांतपणे म्हणाले, मी समजू शकतो, पण पुढच्या तिमाहीत बघू. आठवड्याने मला खुलासा मागणारं पत्र आलं: नाव चुकीचं नोंदवल्याबद्दल. ते बरोबरच होतं. मी खुलासा दिला, एक ओळीचा, चूक मान्य आहे म्हणून. त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी खोलीचं दार लावून सांगते की तू कोण आहेस ते मला माहीत असलं तरी चालतं. काही जणी उठून जातात. काही बसतात.

भाडेकरणीचा फोन आला तो जवळपास दोन महिन्यांनी. कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती, मागे बकऱ्यांचा आवाज. माझा नंबर नवऱ्याने दिला होता. कागद त्याने तिच्या भावाला पाठवला होता, पण भाऊ म्हणाला, मराठीत काय लिहिलंय कुणाला ठाऊक. मी म्हटलं, हिंदीत लिहून पाठवते, आजच. ती म्हणाली, मोठ्या जावेलाही पाठवा. आणि चुलत सासूला. आणि शेजारच्या मास्तरांना, ते वाचून दाखवतील. मी लिहून घेत होते. बरीच नावं झाली तशी ती मध्येच थांबली.

"दीदी, और जिसकी थी बीमारी? वो ठीक हो गई?"

"हो गई."

"उसको घर से निकाला किसी ने?"

मी खोटं बोलू शकले असते. आयुष्यभर बोललेच आहे, फॉर्मवर.

"नहीं," मी म्हटलं.

 मग "अच्छा" म्हणाली आणि फोन ठेवला.